सारुमान नेमका कधी फितला?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाला (१९५५) टोल्किनने जी परिशिष्टे जोडली आहेत, त्यांतले दुसरे सनावळीचे आहे. कथा संपली की बहुतेक वाचक तिथून काढता पाय घेतात. पहिल्या दोन वाचनांत आम्हीही तेच केले होते. तिसऱ्या खेपेस मात्र त्या सनावळीत एकाच इसमाचा माग काढायचा, असे ठरवूनच बसलो. तो इसम म्हणजे सारुमान, सॉरॉनविरुद्ध उभ्या राहिलेल्या शुभ्र मंडळाचा प्रमुख. प्रश्न साधा होता. हा गृहस्थ फितला कोणत्या साली? हा प्रश्न आम्हांला का पडला, ते ओघात येईलच.

सनावळीपाशी उत्तर तयार आहे. तिसऱ्या युगाच्या सुमारे ३००० साली सारुमानने ऑर्थँकच्या मनोऱ्यातला पालान्तीर, म्हणजे दूरचे दाखवणारा गोल, वापरण्याचे धाडस केले. तसाच दुसरा गोल सॉरॉनच्या हाती होता. सारुमान त्याच्या पाशात सापडला आणि मंडळाचा द्रोही झाला. प्रकरण मिटले असे वाटते. पण त्याच पानावरून बोट जरा वर सरकवावे.

२९५३ साली मंडळाची शेवटची बैठक झाली. तीत सारुमानने सांगितले, की ती एकमेव अंगठी अँडुइन नदीतून वाहत समुद्राला मिळाल्याचे त्याला समजले आहे. ही शुद्ध थाप होती. त्यानंतर त्याने आयझेनगार्ड स्वतःचे म्हणून ताब्यात घेतले आणि तटबंदी केली. ती जागा त्याची नव्हतीच. २७५९ साली गाँडोरचा कारभारी बेरेन याने विश्वासाने किल्ल्या दिल्या, म्हणून तो तिथे राहत होता.

आणखी मागे, २९३९. सॉरॉनचे हस्तक ग्लॅडन फील्ड्सजवळ नदी धुंडाळत आहेत, याचा पत्ता सारुमानला लागला. इसिल्दुर जिथे पडला, अंगठी जिथे हरवली, ते हे ठिकाण. सारुमान घाबरला आणि मंडळापाशी अवाक्षर बोलला नाही. त्याच्याही मागे २८५१. आदल्याच वर्षी गॅन्डाल्फने डोल गुल्दुरमध्ये शिरून तिथला धनी सॉरॉनच असल्याची खात्री करून घेतली होती. चढाई करा, असे तो बैठकीत सांगत होता. सारुमानने त्याचे म्हणणे मोडून काढले. कारण पुढे उघड झाले. सॉरॉनला काही काळ मोकळे सोडले, तर अंगठी आपल्या धन्याच्या ओढीने प्रकट होईल आणि ती आपल्याला गाठता येईल, असा त्याचा हिशेब होता.

म्हणजे द्रोहाची नोंद ३००० ची, पण हाव दीडशे वर्षे आधीची.

सगळ्यात चकवते ते २९४१ साल. या वर्षी सारुमानने चढाईला संमती दिली, डोल गुल्दुर मोकळे झाले, त्याच्या कौशल्याचा उपयोगही झाला. सभेच्या कागदांत पाहिले तर याहून निष्ठावान वर्तन नाही. संमतीचे कारण मात्र इतकेच, की सॉरॉनला नदीपासून दूर ठेवायचे होते. त्याच वर्षी ती अंगठी धुके-पर्वतांच्या पोटात बिल्बोच्या खिशात गेली, ही नियतीची थट्टा. लेखनाच्या क्रमाने पाहता गंमत आणखी वाढते. या चढाईचा ओझरता उल्लेख ‘हॉबिट’मध्ये (१९३७) आहे, तिथे सारुमानचे नावही नाही. आधी घटना लिहिली गेली, तिच्या पोटातला कपटाचा धागा लेखकाने नंतर विणला. कपट ओळखण्याची आपली रीतही बहुधा हीच असते.

मराठीत आपण फितुरी आणि दगा हे शब्द सर्रास अदलाबदलीने वापरतो. फितुरीला पलीकडे कोणीतरी लागतो, ज्याला जाऊन मिळायचे. दग्याला फक्त विश्वास टाकणारा पुरतो. ३००० पूर्वी सारुमान कोणालाही फितूर नव्हता. दगा मात्र तो रोज देत होता, आणि तोही बहुतांशी गप्प राहून.

आता आमचे. आम्ही एका लहानशा वाचनालयाच्या कार्यकारिणीवर नऊ वर्षे होतो. त्या वाचनालयाची जागा हातची गेली. आमच्या एका स्नेह्याने जागेसंबंधी आलेले पत्र दोन वर्षे दडवून ठेवले होते, हे नंतर कळले. तेव्हा आम्ही इतिवृत्ताची वही घेऊन बसलो, त्यांनी आम्हांला फसवले तो दिवस शोधायला. एका सभेत दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलावा, असा त्यांचा ठराव होता. आम्हांला तो खटकला होता, हे स्पष्ट आठवते. वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असे आहे आणि खाली आमची सही आहे.

त्या रात्रीनंतर आम्ही सनावळीकडे वळलो, आणि मग गॅन्डाल्फकडे नव्या नजरेने पाहिले. मंडळाचा प्रमुख गॅन्डाल्फ व्हावा, अशी गाल्याद्रिएलची इच्छा होती, झाला सारुमान. २८५१ ते २९४१, नव्वद वर्षे हा शहाणा माणूस थांबला. पुढे एल्राँडच्या सभेत तो कबूल करतो, की सारुमानच्या शब्दांनी आपण निश्चिंत झालो होतो. हे तो लपवत नाही, म्हणून आम्हांला तो जवळचा वाटतो. ३०१८ च्या जुलैत तो स्वतःच्या पायांनी ऑर्थँकला गेला आणि कैदेत पडला.

फितुरीचा पुरावा हाती येतो तोही किती क्षुल्लक. आयझेनगार्ड बुडाल्यावर दोघा हॉबिटांना तिथे तंबाखूची पिंपे सापडतात, त्यांच्याच मुलखातली, १४१७ च्या पिकाची. त्यांना आनंद होतो. अरागॉर्न मात्र विचारात पडतो. शायरचे १४१७ म्हणजे तिसऱ्या युगाचे ३०१७, गॅन्डाल्फच्या कैदेच्या आदले वर्ष. सारुमानने शायरच्या दक्षिण भागात माणसे पेरायला सुरुवात केली ती मात्र २९५३ नंतर लवकरच. साठएक वर्षांचा व्यवहार एका पिंपावरच्या आकड्यात मावला आहे.

शेवटी एका कच्च्या मसुद्याविषयी. टोल्किनच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी १९८० साली ‘अनफिनिश्ड टेल्स’ काढले. त्यात या घटनांचे एकमेकांशी न जुळणारे पाठ आहेत. एका पाठात सॉरॉनचे काळे स्वार आयझेनगार्डच्या दाराशी येतात, तेव्हा गॅन्डाल्फ निसटून दोन दिवस झालेले असतात. दुसऱ्यात तो अजून कैदेतच आहे. स्वारांना पाहून सारुमानला आपण कोणाची चाकरी पत्करली ते प्रथमच पुरते कळते, आणि गॅन्डाल्फची क्षमा मागावी, त्याची मदत घ्यावी, असे ठरवून तो मनोऱ्याच्या पायऱ्या चढू लागतो. वर पोहोचतो तर माथा रिकामा. गरुड त्याला घेऊन गेलेला असतो.

मूळ कादंबरीत हा प्रसंग नाही. आमच्या त्या स्नेह्यांचे पत्र मागल्या दिवाळीत आले. ते अजून आम्ही उघडलेले नाही.