चांदनी चौक : एका रस्त्याचा जमाखर्च

दिल्लीच्या लाल किल्ल्यासमोर, चांदनी चौकाच्या अगदी तोंडाशी, श्री दिगंबर जैन लाल मंदिर उभे आहे. दर्शन आटोपून बाहेर आलो की पश्चिमेकडे सरळ जाणारा रस्ता दिसतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला फतेहपुरी मशीद. अंतर दीड किलोमीटरहूनही कमी. शहाजहानची कन्या जहाँआरा हिने सतराव्या शतकाच्या मध्यावर हा बाजार आखला, तेव्हा मधून कालवा वाहत असे. कालवा बुजला, ट्राम आली, तीही गेली. पुढे मोटारी आल्या. त्या मात्र जाईनात.

2018 च्या अखेरीस रस्त्याच्या पुनर्बांधणीस आरंभ झाला आणि सप्टेंबर 2021 मध्ये नवा रस्ता खुला झाला. डोक्यावरचे तारांचे जाळे भूमिगत झाले, लाल दगडाची फरसबंदी आली, बसायला बाके आली. सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना मनाई. नियम फलकावर जितका कडक, तितका रस्त्यावर नाही, हे दिल्लीकर हसून सांगतात; तरीही पूर्वीचा चांदनी चौक ज्याने पाहिला आहे, त्याला हा पालट थोडा वाटणार नाही.

आमचे एक आप्त किनारी बाजाराजवळच्या गल्लीत राहतात. खाली कापडाची पेढी, वर बिऱ्हाड. योजना कागदावर होती तेव्हा त्यांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी शेजारी जमत, असे त्यांनी सांगितले. सरकारी अंदाज प्रथम 65 कोटींच्या आसपास होता, नंतर तो वाढत गेला. पण ओसरीवरचा वाद त्या आकड्याचा नव्हताच. लग्नसराईत दुकानासमोर खड्डा असला तर गिऱ्हाईक कोठून येणार? मोटारीतून येणारी जुनी घराणी दूरवर गाडी लावून चालत येतील काय? रात्री कोणा वृद्धाला अस्वस्थ वाटले तर? व्यापारी माणूस खर्चाला भीत नाही. ज्या खर्चाचे खाते उघडलेले नाही, त्याला भितो.

काकूंचे मत मात्र प्रथमपासून वेगळे होते. “तुम्ही सगळे गिऱ्हाइकाच्या पायांचा विचार करता. मंदिरात जाणाऱ्यांना पाय नाहीत का?” असे त्या भर बैठकीत म्हणाल्या होत्या. मोटारींच्या गर्दीत त्यांचे पायी दर्शनाला जाणे कित्येक वर्षे सुटले होते. आता त्या रोज जातात. आपले साधू-साध्वी चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात. ती ईर्यासमिती वाहनांच्या लोंढ्यात कशी पाळली जावी, हा प्रश्न प्रत्येक विहारमार्गावर आहे. येथे निदान तेवढ्या टप्प्यात तो हलका झाला. अर्थात ज्येष्ठातल्या दुपारी हाच दगड अनवाणी पायांना कसा लागत असेल, हे आखणाऱ्यांना कोणी विचारले होते की नाही, कोण जाणे.

चौथ्या दिवशी मी काकांच्या पेढीवर बसलो होतो. दिवसा टेंपो दारापर्यंत येत नाही, म्हणून माल एक तर रात्री उतरवायचा, नाही तर हातगाडीने आणायचा. हमालीचे खाते फुगले आहे. त्यावर उपाय म्हणून काही पेढ्यांनी फेऱ्या कमी केल्या आणि गाडीवरच्या गाठी वाढवल्या. पूर्वी जो भार इंजिन ओढत असे, तो आता एका पल्लेदाराच्या छातीवर येतो. धाकट्या चुलतभावानेही तोच हिशेब मांडला. काकांनी वही मिटली आणि एकच शब्द उच्चारला, “अतिभारारोपण.”

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला हा एक. लहानपणी पाठशाळेत आम्ही तो बैलाच्या संदर्भात शिकलो होतो. धाकटा भाऊ गप्प राहिला नाही, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटेही नव्हते. “काका, शेजारची पेढी भाव कमी लावते. गिऱ्हाईक अतिचार विचारून कापड घेत नाही.” त्यावर काकांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी गाडीमागे दुसरा माणूस लावायचे ठरवले, एवढेच. त्याची मजुरी कोठून काढायची, यावर दोघांची बोलणी मी निघेपर्यंत चालू होती.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो, तेव्हा आपल्याकडेही पार्किंग आणि गिऱ्हाईक यांवर तावातावाने चर्चा होते. हातगाडीवाल्याचे नाव त्यात मी अजून ऐकलेले नाही.

शेवटच्या रात्री नऊच्या सुमारास गच्चीतून रस्ता पाहत होतो. अडसर बाजूला झाला, मालाचे टेंपो आत शिरू लागले. खाली काकांची हातगाडी भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्या दांड्याशी दोन माणसे चहा पीत बसली होती.