घाटनांदूरची सकाळ आणि लेकीची मळमळ

परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बालाघाटाच्या पठारावर घाटनांदूर लागते. अंबाजोगाई तालुक्यातील या गावी आपण सकाळच्या प्रहरी उतरलात, तर गाव आधी नाकाला भेटते. उकळता चहा, गोठ्यातले शेण, चुलीचा धूर आणि घराघरांतून येणारी लसणाची फोडणी! एरवी हे सारे ओळखीचे, सुखाचे वास. परंतु घरात दुसरा-तिसरा महिना लागलेली लेक वा सून असेल, तर याच फोडणीने तिला उमासे येतात.

वडीलधाऱ्यांनी याला नखरा म्हणू नये. गर्भारपणात अनेकींना वास सोसवेनासे होतात. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि बहुतेकींची सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. ती सकाळीच येते असेही नाही. म्हणून पहिला उपचार स्वयंपाकघरातला: काही दिवस फोडणी दुसऱ्या कुणी द्यावी, खिडकी उघडी ठेवावी, उदबत्तीचा धूर टाळावा.

त्रास देणारा गंध कधी उताराही देतो. इराणमध्ये 100 गर्भवतींवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिंबाच्या तेलाचा वास घेणाऱ्या स्त्रियांची मळमळ काहीशी कमी झाली. सर्वच अभ्यासांचे निष्कर्ष असे नाहीत. तरी ताजे लिंबू चिरून हुंगण्यात जोखीम नाही आणि त्यासाठी महागडी बाटलीही लागत नाही. तिला तो वास आवडला तरच द्यावा. बाटलीतले सुगंधी तेल मात्र पोटात देऊ नये, तसेच अंगाला चोळू नये. वापरायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अंथरुणातून उठण्यापूर्वी भाकरीचा कोरडा तुकडा किंवा मूठभर लाह्या, आणि दिवसभर थोडे थोडे खाणे, याचाही आधार होतो.

पण एक सीमारेषा ध्यानात असू द्या. दिवसभरात पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, भोवळ येत असेल किंवा वजन घटत असेल, तर लिंबू बाजूला ठेवावे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अशा वेळी ‘आमच्या वेळी असेच होते’ हे वाक्य गिळून टाकावे, वाहन बोलवावे आणि तिच्यासोबत आपण स्वतः जावे.