पटावरचीं नांवें

शाळेच्या पटावर नांव चढविणें किती सोपें असतें, हें ज्यांनीं मास्तरकी केली नाहीं त्यांच्या सहसा लक्षांत यावयाचें नाहीं. मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, जन्मतारीख आणि गांव एवढें दाखलखारिजांत लिहिलें कीं मूल शाळेंत आलें! तें उंबरा ओलांडून खरोखर आंत आलें कीं नाहीं, हें वही सांगत नाहीं. पण कागदावरच्या मुलाच्या पाठोपाठ खऱ्या वस्तू मात्र पुष्कळ येतात. दुपारच्या जेवणाचा तांदूळ येतो, पुस्तकें येतात, गणवेष येतो. आणि मुख्य म्हणजे शिक्षकाची जागा येते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 व्या मुलापासून तिसरा. आतां जेथें 58 मुलें आहेत तेथील चालकांच्या मनांत काय येत असेल, हें वाचकांना निराळें सांगावयास नको.

हा रोग आजचा नव्हे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष म्हणून एक स्वतंत्र अधिकारीच सांगितला आहे. देशांत येणाऱ्याजाणाऱ्यास त्यानें एक माषक घेऊन मुद्रा द्यावी, मुद्रेवांचून फिरणाऱ्या देशवासीयास 12 पण दंड करावा, आणि खोटी मुद्रा बाळगणारास त्याहून कडक शिक्षा द्यावी, अशी ती व्यवस्था. पुढें दिल्लीस अल्लाउद्दीन खिलजीनें फौजेंतल्या घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायाचें चेहरेपट्टीसह वर्णन लिहून ठेवण्याची रीत घातली. एकच घोडा दोन वेळां पुढें करून दोघांचा पगार उचलण्याची युक्ति त्यामुळें अवघड झाली.

त्या डागाची मला आठवण झाली ती 2011 सालीं. त्या वर्षीं 3 ते 5 ऑक्टोबर असे तीन दिवस महाराष्ट्रांतील सर्व शाळांची पटपडताळणी झाली. एका शाळेचें मूल दुसऱ्या शाळेंत नेऊन मोजूं नये म्हणून मुलांच्या बोटांना निवडणुकींतल्यासारखी न पुसणारी शाई लावली गेली. पोरांना मोठी मौज वाटली. मोजणीच्या अखेरीस राज्यांत लाखों नांवांना मूल सांपडलें नाहीं. उपाय रांगडा खरा, पण तो झाला हें योग्यच झालें, असें माझें मत आहे. ज्या संस्थांनीं वर्षानुवर्षें सावल्यांच्या नांवें अनुदान घेतलें, त्यांना दुसरी भाषा समजली नसती.

परंतु ते दिवस नवरात्राचे होते. माझी शाळा त्या वेळीं पाथर्डी तालुक्यांत होती, आणि मोहटादेवीच्या यात्रेचे ते ऐन गर्दीचे दिवस. एका घरचीं तीन भावंडें बापाच्या खेळण्यांच्या दुकानावर बसण्यासाठीं गडावर गेलीं होतीं. पथकांतील गृहस्थ सौजन्यानें म्हणाले, “गुरुजी, तुम्ही सांगतां तें खरेंच असेल, पण आम्हांला बोट पाहिजे.” मीं त्यांच्यापुढें तिघांच्या वह्या ठेवल्या. थोरल्याचें शुद्धलेखन वाईट होतें, म्हणून त्याच्या वहीवर माझी लाल शाई भरपूर होती. गृहस्थांनीं ती वही चाळली, पण त्यांच्या तक्त्यांत वह्यांचा रकाना नव्हता. तिघेही गैरहजर लिहिले गेले.

शाईला हजर आणि गैरहजर एवढेंच कळतें. गैरहजर आणि खोटा यांतला भेद तिला कळत नाहीं. आमच्या भागांत हा भेद फार महत्त्वाचा आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडणीचीं कुटुंबें बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघतात. मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें असतात खरीं. तरी पुष्कळ मुलें कोपीवर जातात आणि वैशाखांत परततात. अशा मुलाला दाखल्यावांचून अडवूं नये म्हणूनच कायद्यानें सांगितलें कीं, आधींच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला तरी प्रवेश नाकारूं नये. कायद्यानें दार उघडें ठेवलें तें फडावरच्या पोरासाठीं. त्याच दारानें एकच नांव दोन शाळांत नेणारेही आंत शिरले. म्हणून दार लावून घ्यावें काय? मला तसें वाटत नाहीं. चार खोटीं नांवें पटावर राहिलीं तर सरकारचा तांदूळ जातो. एक खरें मूल परत फिरलें तर तें पुढच्या वर्षीं कोयता घेतें.

2015 पासून सरल नांवाच्या प्रणालींत प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर होऊं लागली, आणि अलीकडे तर आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर शिक्षकांची संचमान्यता ठरते. दुबार नांवें यानें पुष्कळ गळालीं, हें मान्य केलें पाहिजे. आधार नाहीं म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं स्पष्ट केलें. म्हणजे मूल वर्गांत बसतें, पण मोजणींत बसत नाहीं. माझी धाकटी सून जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षिका आहे. तिच्या वर्गांतील एका मुलीच्या आडनांवांत दाखलखारिजांत एक वेलांटी आहे आणि आधारावर दुसरी. त्या वेलांटीपायीं मुलीच्या बापाचे तालुक्याला दोन हेलपाटे, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. सून म्हणते, “अण्णा, मुलगी माझ्यासमोर बसलेली असते, आणि यंत्र म्हणतें ती नाहींच!”

मोजण्याचें काम यंत्रानें खुशाल करावें. ओळखण्याचें काम मात्र ओळखणाऱ्याकडेच असावें. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यांत निदान तीन चतुर्थांश पालक असलेच पाहिजेत, असा कायदाच आहे. या समितीनें वर्षांतून एकदां सबंध पट गांवापुढें मोठ्यानें वाचावा. कोणाचें पोर कोठें आहे, हें गांवाला पाठ असतें. जें नांव कोणाच्याच घरचें निघणार नाहीं तें तेथल्या तेथें उघडें पडेल; आणि जें मूल फडावर आहे त्याच्याविषयीं त्याची आजीच उठून सांगेल. गांवांत तट असतात, एकमेकांचीं नांवें मुद्दाम खोटीं ठरवितील, असा आक्षेप मला एका स्नेह्यांनीं घेतला. तट असतात हें खरें; पण म्हणूनच खोट्या नांवावर पांघरूण घालणें एका तटाला साधत नाहीं, आणि खऱ्या मुलाला खोटें म्हणणारास त्या मुलाच्या आईसमोर तें म्हणावें लागतें.

वाचन 15 ऑगस्टच्या ग्रामसभेंत व्हावें. 26 जानेवारीची सभा यास उपयोगी नाहीं. त्या वेळीं आमच्याकडचीं पुष्कळ माणसें उसाच्या फडांत असतात.