डिपॉझिटची ओळ

नालासोपाऱ्यात भाड्याने खोली बघायला निघालं की एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, हेवी की नॉर्मल?" आम्ही बघत होतो तेव्हा नॉर्मल म्हणजे पन्नास हजार डिपॉझिट आणि महिन्याला आठेक हजार भाडं. हेवी म्हणजे दोन-तीन लाख एकरकमी मालकाच्या हातात आणि भाडं नावापुरतं. वसई-विरार पट्ट्यात हा हेवी डिपॉझिटचा व्यवहार जोरात चालतो. विरार लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्यांच्या पगारात आठ हजार भाडं बसत नाही, आणि मालकालाही कर्ज फेडायला किंवा दुसरी खोली बुक करायला रोकड हवी असते. आपण निघताना ती रक्कम मालकाकडे उरलेलीच नसते. पुढच्या भाडोत्र्याचे पैसे आले की आपले सुटतात.

आम्ही पूर्वेला, आचोळे रोडच्या आत, वन रूम किचन घेतलं. तीन लाख डिपॉझिट, दोन हजार भाडं. माझी भिशी आणि नवऱ्याच्या आधीच्या नोकरीचा पीएफ असे ते पैसे उभे केले होते. दोन लाख बँकेतून गेले, एक लाख मालकाने रोख मागितले. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार टाइप झाला, नोटरीचा शिक्का बसला. रजिस्ट्रेशनचं मी त्याच दिवशी विचारलं. एजंट म्हणाला, "अकरा महिन्यांचंच आहे ना, मग रजिस्टर करायची गरज नसते." मालक म्हणाला, "करू की नंतर, कुठे पळून चाललोय!"

ते 'नंतर' आलं नवव्या महिन्यात, आणि तेही सोसायटीच्या सेक्रेटरीने पोलीस व्हेरिफिकेशनसाठी रजिस्टर कराराची कॉपी मागितली म्हणून. रविवारी सकाळी एजंटचा पोऱ्या लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. भाडेकराराचं ई-रजिस्ट्रेशन असं घरबसल्या होतं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जावं लागत नाही. मालकाचा अंगठा त्याने आधीच घेतला होता. ओट्याशेजारच्या स्टुलावर मशीन ठेवून तो म्हणाला, "ताई, इथे अंगठा द्या, मग कॅमेऱ्यात बघा. पाच मिनिटांचं काम."

मी आधी करार वाचायला मागितला. त्याने कंटाळून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नाव, आधार, पत्ता, मजला सगळं बरोबर. करार सुरू मात्र त्याच दिवसापासून, आणि डिपॉझिटच्या ओळीत पन्नास हजार. मागच्या नऊ महिन्यांचा कुठेच पत्ता नाही. मी विचारलं तर म्हणाला, "अहो, तो नुसता फॉर्म असतो. कमी दाखवलं की स्टॅम्प ड्यूटी वाचते."

मी अकाउंट्समध्ये काम करते. कराराच्या मुदतीचं सगळं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का अशी ही ड्यूटी आहे. दोन हजारांप्रमाणे अकरा महिन्यांचे बावीस हजार आणि तीन लाखांवर तीस हजार, म्हणजे बावन्न हजार. त्याचा पाव टक्का एकशे तीस रुपये. डिपॉझिट पन्नास हजार दाखवलं तर साडेसदुसष्ट. महापालिका हद्दीतली रजिस्ट्रेशन फी एक हजार, ती दोन्हीकडे तेवढीच. साठ-सत्तर रुपये वाचवायला कोणी अडीच लाख कागदावरून पुसत नाही. मी अंगठा दिला नाही. पोऱ्याने मशीन गुंडाळलं आणि संध्याकाळी मालकाचा फोन आला, "विश्वास नसेल तर खोली खाली करा."

ऑफिसातल्या एका मॅडमनी वसई कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जायला सांगितलं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिथल्या वकीलबाईंनी नोटरीचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "घाबरायचं त्यांनी, तुम्ही कशाला घाबरता?"

त्यांनी सांगितलं ते असं. अकरा महिन्यांचा नियम देशाच्या नोंदणी कायद्यातून आलाय. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि रजिस्टर असायलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची. त्याने केलं नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. शिवाय गुन्हा शाबीत झाला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरीच्या शिक्क्याने रजिस्ट्रेशनची उणीव भरून निघत नाही. पण काय ठरलं होतं हे दाखवायला तो कागद माझ्याच कामाचा होता.

उशिराचाही हिशेब आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांत करार नोंदणीला द्यायचा. राहून गेला तर पुढचे चार महिने दंड भरून घेतात, तो नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. त्यानंतर तो कागद नोंदवता येत नाही. आमची ती मुदत टळली होती, म्हणून मालक नवा करार करायला निघाला होता. वकीलबाईंनी बोट ठेवलं ते नेमकं यावर. रजिस्टर करार नव्हता तोवर कायदा माझ्या शब्दाला वजन देत होता. खोट्या आकड्यावर अंगठा उमटला असता तर ते वजन गेलं असतं. मुदत संपल्यावर खोली खाली करून घेण्यासाठी मालक भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली जातो, तेव्हा लेखी करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा मानतात. नंतर "साहेब, खरे तीन लाख दिले होते" म्हणून काही उपयोग झाला नसता.

त्यांच्या सांगण्यावरून मी दोन लाखांच्या ट्रान्सफरचं बँक स्टेटमेंट काढलं. रोख लाखाची पावती नव्हती, पण त्या रात्रीचा मालकाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता, "टोटल ३ मिळाले, चावी उद्या." हे सगळं जोडून साध्या भाषेत एक पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पंधरवड्यात तोच पोऱ्या तेच मशीन घेऊन परत आला. या वेळी डिपॉझिटच्या ओळीत तीन लाख होते. खाली वेगळं कलमही घातलं होतं, की ही रक्कम आधीच्या नोटरी करारावेळीच मिळाली आहे, आणि बँकेच्या व्यवहाराचा नंबर.

त्या कलमाचा उपयोग निघताना झाला. मुदत संपायच्या दोन महिने आधी आम्ही खोली सोडत असल्याचं लेखी कळवलं. मालकाचं उत्तर ठरलेलं, "नवा भाडोत्री आला की देतो." मग रंगकाम, मग फुटलेला बेसिन. शेजारच्या काकी म्हणाल्या, "पैसे हातात पडेपर्यंत चावी देऊच नका." इकडे सगळे तेच करतात. पण मुदत संपून खोली सोडली नाही तर त्याच कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई लागू होते. वकीलबाईंनी हे सांगितलं आणि दाव्याआधीच प्रकरण लोकअदालतीत घेतलं. त्याला कोर्ट फी नाही. मालकापुढे रजिस्टर करार ठेवल्यावर रकमेवर वादच उरला नाही, बोलणं झालं ते फक्त तारखांवर. दोन हप्ते ठरले. दुसरा हप्ता खात्यात आला त्या दिवशी आम्ही मीटरचं रीडिंग आणि रिकाम्या खोलीचे फोटो काढून चावी दिली. बेसिनचे पैसे आम्ही भरले, रंगाचे नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून मालकानेही तारीख चुकवली नाही.

माझा मामेभाऊ इंग्लंडात लेस्टरला भाड्याने राहतो. तिथे घरमालकाला डिपॉझिट स्वतःजवळ नुसतं ठेवून चालत नाही, तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ते सुरक्षित करावं लागतं. उशीर केला, मग नंतर भरलं तरीही, भाडेकरू कोर्टात गेला तर डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम त्याला द्यावी लागते. डिपॉझिट योजनेत सुरक्षित करायची सक्ती तिथे २००७ पासून आहे. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि मालकाने घर परत ताब्यात घेतानाच ते द्यायचं. पण तो लागू करणं राज्यांवर सोडलंय आणि आपल्याकडे १९९९चाच कायदा चालतो. त्यात डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही आणि ते ठेवायला तिसरी जागाही नाही. भाडेकरूच्या हातात राहतो तो कराराचा कागद.

तेव्हा नालासोपारा, विरार, नायगाव, कुठेही खोली घेत असाल तर एवढं करा. पैसे बँकेतून द्या. रोख द्यावेच लागले तर सहीची पावती घ्या. रजिस्ट्रेशन चावी घेतानाच करून घ्या. मालक टाळत असेल तर मेसेजवर मागत राहा, म्हणजे उशीर कोणी केला ते नोंदलेलं राहील. आणि उशिरा का होईना मशीन दारात आलं, तर पोऱ्या कितीही घाईत असो, डिपॉझिटची ओळ स्वतः वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.