शेलाटी हायपेरिअन

आमच्या अंगणातल्या डे-लिलींमध्ये हायपेरिअन सगळ्यांत उंच. पानांचा झुबका जेमतेम दोन फुटांचा, पण फुलदांडा साडेतीन फुटांपर्यंत सरळ वर जातो. त्यामुळे फुलं पानांत अडकत नाहीत, वरच्या मोकळ्या हवेत उमलतात. रंग लिंबकांती, गळ्याशी किंचित हिरवट. सहा पाकळ्या, तीन रुंद, तीन अरुंद, टोकं मागे वळलेली. झालर नाही, काठ नाही, मधे गडद ठिपका नाही. फूल चांगलं पाच इंचांचं, तरी डोळ्यांत भरतो तो त्याचा घाट.

डे-लिलीचं फूल एका दिवसाचं असतं, हे लक्षात घेतल्याशिवाय या झाडाची पारख करता येत नाही. आज उमललेलं फूल उद्या सुरकुतून जातं आणि त्याच दांड्यावरची दुसरी कळी पुढे येते. नर्सरीच्या कॅटलॉगमध्ये मात्र एकाच फुलाचा फोटो असतो, तोही सकाळी काढलेला. मी दुपारी चार वाजता बघते. उन्हात रंग विटला का? पाकळ्या लोळागोळा झाल्या का? दांड्याला फाटे किती फुटले, की सगळ्या कळ्या शेंड्यालाच गोळा होऊन एकमेकींना ढकलताहेत? कालचं शिळं फूल आजच्या कळीला चिकटून तिला उमलू देत नाही, असं तर नाही? या सगळ्या प्रश्नांना हायपेरिअन वर्षानुवर्षं नीट उत्तरं देत आली आहे. जुलैच्या उन्हात तिचा पिवळा थोडा फिकटतो, पण मळकट होत नाही. ठोंब जुना असेल तर दोन-तीन आठवडे रोज सकाळी काही ना काही उमललेलं असतंच.

ती मूळची इथलीच, म्हणजे इंडियानाची. फोर्ट वेनच्या फ्रँकलिन मीड यांनी ती तयार केली आणि 1924 साली ती लोकांसमोर आली. डे-लिलीचं मूळ घराणं चीन, जपान, कोरियाकडचं. पण अमेरिकेतल्या बागवानांनी तिचे इतके संकर केले, की आज नोंदलेल्या जातींची संख्या लाखाच्या वर गेली आहे. हायपेरिअन आली त्या काळात अंगणात पिवळ्या आणि नारिंगीपलीकडे फारसं काही नव्हतं. लाल, गुलाबी, जवळजवळ पांढऱ्या जाती पुढे आल्या. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधले आर्लो स्टाउट त्याच सुमारास या झाडाचा शास्त्रीय अभ्यास करत होते. डे-लिलीला मिळणारं सर्वोच्च पदक त्यांच्याच नावाचं आहे. हायपेरिअनला ते कधीच मिळालं नाही. ते 1985 साली मिळालं तिच्याच राज्यातल्या स्टेला दे ओरोला.

स्टेलाचं तुम्ही नाव ऐकलं नसलं, तरी अमेरिकेत राहत असाल तर तिला रोज बघता. बँकेसमोर, पेट्रोल पंपाच्या कडेला, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे ती असते. ठेंगणी, फूटभरही उंच नाही, फूल पावणेतीन इंचांचं, रंग गडद सोनेरी. मेरिलव्हिलच्या वॉल्टर याब्लॉन्स्की यांची ही जात 1975 मधली. तिचा गुण एकच, पण मोठा: जूनमध्ये फुलून ती थांबत नाही, शरद ऋतूपर्यंत थोडी थोडी फुलत राहते. जाणकार मंडळी तिला नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. गाड्यांच्या धुरात, बर्फावर टाकलेल्या मिठात, कुणी पाणी न घालता ती टिकते. पण घराच्या अंगणात तिचा तो अंड्याच्या बलकासारखा पिवळा कशाशीच जुळत नाही. जांभळ्याशी भांडतो, गुलाबीला मारून टाकतो. हायपेरिअनचा लिंबकांती कुणाच्याही शेजारी बसतो.

रस्त्याकडेच्या चरांत माजणारी नारिंगी फुल्वा ही तर तिसरीच तऱ्हा. गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे तिला बी जवळजवळ धरत नाही. मुळांच्या जोरावर ती पसरत जाते आणि एकदा आली की काढता काढता जीव जातो. ती मी कुंपणाबाहेरच ठेवली आहे. स्ट्रॉबेरी कँडी मात्र आत आहे. पोवळ्यासारखी गुलाबी, गळ्याभोवती लालसर कडं, आणि पाकळ्या भरदार. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती अलीकडच्या जाड झालरींच्या जातींबद्दल. रात्र गार गेली की सकाळी त्यांच्या पाकळ्या झालरीतच गुंततात, फूल अर्धवट उघडतं आणि तसंच सुकतं. शिवाय त्यांतल्या बऱ्याच जणींना वास नाही. रुंदी वाढवण्याच्या आणि काठ रंगवण्याच्या नादात सुगंधाकडे दुर्लक्ष झालं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. हायपेरिअनला वास आहे. गोडसर, हलका, उन्हं कलल्यावर अधिक जाणवणारा. त्यासाठी वाकावं लागत नाही, फुलं नाकाच्या बरीच जवळ असतात. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलं की झुळकीबरोबर तो येतो, आणि पाहुणे विचारतात, हा कशाचा वास?

तिच्यात उणिवाही आहेत. बहर वर्षातून एकदाच. तो सरला की पानं पिवळी पडून लोळतात आणि ऑगस्टभर ठोंब अगदी कळाहीन दिसतो. म्हणून तिच्या पुढ्यात मी उशिरा फुलणारे शेवंतीचे ताटवे लावले आहेत. हिवाळ्यात ती जमिनीवर काही म्हणता काही ठेवत नाही. इथल्या थंडीत ते फायद्याचंच ठरतं. 2000 साली अमेरिकेत प्रथम आढळलेला डे-लिलीचा तांबेरा जिवंत पानांवरच तग धरतो, आणि इथे जानेवारीत जिवंत पान उरतच नाही. पण याच कारणाने पुण्यातल्या बहिणीला मी हायपेरिअन लावू नकोस असं सांगितलं. या जातीला कडक थंडीची विश्रांती हवी, उष्ण हवेत ती वर्षागणिक खंगत जाते. आपल्याकडे बारमाही हिरव्या पानांच्या जातीच बऱ्या.

इथे जवळपास कुणाला हवी असेल, तर ऑगस्टच्या अखेरीस ठोंब फोडताना या. एकेका तुकड्यात निदान दोन-तीन फुटवे ठेवा, पानं वीतभर राखून कापा, मुळं खाली पसरून लावा आणि गाभा इंचभरापेक्षा खोल जाऊ देऊ नका. दिवसाला सहा तास ऊन पाहिजेच. पहिल्या जुलैत एखादाच दांडा आला तर उपटून दुसरीकडे हलवू नका, तिला बसायला तीन वर्षं लागतात.