हिरव्या खुणेच्या पलीकडे

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. त्यांच्यासमवेत अनारदाणा व आमचूर यांची आंबट चवही येथील बाजारात रुळली. अंबरनाथ-बदलापूरच्या आगरी वस्त्यांत उन्हाळा आला की मिरच्या आणि खडे मसाले वाळवून डंखावर कुटले जातात. व्यापारानिमित्त या पट्ट्यात स्थिरावलेल्या जैन कुटुंबांच्या दारी आता ‘पेरी पेरी’ आणि पिझ्झावर भुरभुरावयाची ‘सीझनिंग’ची पाकिटेही येऊ लागली आहेत. नातवंडांचा हट्ट मोडवत नाही आणि आजीचा नियम मोडायचा नाही, अशा पेचात घरातील सून उभी असते.

पाकिटावरील हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ तिला दिलासा देते; परंतु ती खूण केवळ शाकाहाराची ग्वाही देते. कांदा-लसूण नसल्याचे ती सांगत नाही. ते कळण्यासाठी पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी लागते. या यादीत वजनाने अधिक असलेला घटक आधी लिहिण्याचा नियम आहे. लसणाची किंवा कांद्याची भुकटी बहुधा तेथेच बारीक अक्षरांत आढळते. केवळ ‘मिश्र मसाले’ असा मोघम उल्लेख असेल, तर उत्पादकाकडे चौकशी करावी; उत्तर न मिळाल्यास ते पाकीट दुकानातच राहू द्यावे. सुंठ आणि वाळवलेली हळद अनेक जैन घरांत चालते, म्हणून ती नावे पाहून दचकण्याचे कारण नाही. बाजारातील बांधानी हिंगात मात्र डिंकाबरोबर बहुधा गव्हाचे पीठ असते. गहू वर्ज्य असलेल्यांनी तेही पाहावे.

याउलट, जो मसाला परका वाटतो तो कित्येकदा आपल्या स्वयंपाकघराच्या अधिक जवळचा असतो. आगरी मसाल्यात बहुधा मिरची, धने, दगडफूल, नाकेश्वर, जायपत्री, चक्रीफूल, हळकुंड अशी कोरडी सामग्री असते. सामग्री स्वतः निवडून नेल्यास संशयास जागा उरत नाही. एकच काळजी घ्यावी : डंखावर आधीचा घाणा लसणाचा असू शकतो. म्हणून सकाळी पहिली पाळी धरावी व यंत्र पुसून घेण्यास सांगावे. नवा मसाला प्रथम पन्नास ग्रॅमच आणावा. शक्यतो अख्खा घ्यावा, कारण दळल्यावर सुगंध लवकर उडतो आणि अख्ख्या दाण्यात भेसळ व कीड नजरेस पडते.

मालाची पावती तपासल्याशिवाय व्यापारी पैसे मोजत नाही. स्वयंपाकघरातही तीच शिस्त हवी. घरातील वृद्धांना ती बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. ताटात आलेले अन्न ते विश्वासाने ग्रहण करतात. गोचरीला आलेल्या महाराजसाहेबांना विचारणा झाली, तर गृहिणीला निःशंक उत्तर देता आले पाहिजे.