भाड्याचा पैसा आपला नसतो

माझी धाकटी जाऊ पुढच्या महिन्यात दुबईला बिऱ्हाड करायला निघाली आहे. गोडा मसाला किती न्यावा, पोळपाट तिथे मिळतो का, असले तिचे प्रश्न रोज चालू आहेत. मसाला कमी पडला तर काही बिघडत नाही. करामा भागात नाहीतर मीना बाजारात आपलं सगळं मिळतं. पण दोन चलनांत एक संसार कसा चालवायचा, हे मात्र मुलींना कुणी सांगत नाही. मी २०१२ ते २०१९ अशी सात वर्षं तिथे काढली, म्हणून हे लिहिते आहे. आज घरोघरी कुणाची ना कुणाची लेक-सून परदेशी असते. तिच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट घरभाड्याची. दुबईत भाडं ठरतं ते वर्षाचं. आणि करार करतानाच पुढच्या तारखा घातलेले चेक घरमालकाच्या हाती द्यायचे, अशी रीत आहे. कुणी एकच चेक मागतो, कुणी दोन, कुणी चार. चेक जितके कमी, तितकं भाडं थोडं खाली येतं. शिवाय अनामत म्हणून वर्षाच्या भाड्याचे साधारण ५ टक्के, दलालाचे तेवढेच, वीज-पाण्याची अनामत वेगळी, आणि भाड्याच्या ५ टक्के नगरपालिकेचा आकार, तो दर महिन्याला विजेच्या बिलातून जातो. कराराची सरकारदरबारी नोंद होते, तिला 'इजारी' म्हणतात. आपल्या 'इजारा' शब्दाचंच ते भावंड. म्हणजे पहिला पगार हातात पडायच्या आतच मोठी रक्कम लागते. ती इथूनच तयार ठेवून निघावं.

आमचं घर म्हणजे बर दुबईत एक खोली आणि कोपऱ्यात ओटा. भाडं वर्षाला ४८,००० दिरहम, चार चेक, प्रत्येकी १२,००० चा. पगार महिना १०,०००. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे महिन्याला साठ हजार रुपये! सांगलीत एवढ्यात वाडा मिळेल." हिशेब त्यांचा बरोबर होता, पण उपयोगाचा नव्हता. पगार दिरहममध्ये, भाडं दिरहममध्ये. मधे रुपयाला आणायचं कशाला? कोथिंबिरीच्या जुडीपाशी उभं राहून गुणाकार करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना धड खाणं गोड लागत नाही आणि बचतही होत नाही. जिथे खर्च, तिथल्याच चलनात हिशेब. मी वहीत दोन रकाने पाडले होते: एक दिरहमचा, एक रुपयांचा. फक्त गावी पाठवायच्या रकमेपुरताच गुणाकार करायचा.

गंमत म्हणजे एके काळी हा गुणाकार करावाच लागत नसे. दुबईत तेव्हा रुपयाच चालायचा. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती मुलखासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्या देशांनी आपापली वाट धरली. दिरहम आला १९७३ साली. १९९७ पासून तो डॉलरशी बांधलेला आहे. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. म्हणून डॉलरपुढे रुपया घसरला की दिरहमपुढेही तितकाच घसरतो.

तसा तो २०१३ साली घसरला. मे महिन्यात एका दिरहमला पंधरा रुपयेसुद्धा येत नव्हते, ते ऑगस्टअखेर अठराच्या वर गेले. मीना बाजारातल्या पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रांगाच रांगा. जो तो भेटला की भावच विचारी. आमच्या डोक्यावर सांगलीच्या घराचं कर्ज होतं, आणि ऑक्टोबरच्या १ तारखेच्या चेकसाठी दर महिन्याला ४,००० बाजूला टाकून मी १२,००० दिरहम पुरे केले होते. हे म्हणाले, "सगळे पाठवू या. मे महिन्याच्या मानाने छत्तीस हजार रुपये जास्त मिळतात. चेकच्या आधी सप्टेंबरचा पगार येईलच की!"

छत्तीस हजार म्हणजे थोडे नव्हेत. रात्रभर मलाही झोप नव्हती. पण पगार १०,०००, चेक १२,००० चा, आणि महिनाभर जेवायचंही होतं. त्या काळी तिथे चेक परत गेला की पोलिसांत फौजदारी होत असे. माणूस आत जाई. मी म्हटलं, "हे पैसे आपले नाहीत. घरमालकाचे आहेत, नुसते आपल्या खात्यात ठेवलेत." दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी त्या महिन्याची शिल्लक तेवढी पाठवली, भाड्याला हात लावला नाही.

सप्टेंबरचा पगार कंपनीने तीन आठवडे उशिरा दिला. चेक १ तारखेलाच वटला. तोवर रुपया सावरला होता, चढा भाव गेला तो गेलाच. हे कधीमधी त्याची आठवण काढतात. मी ऐकून घेते. पण त्या तीन आठवड्यांत दाराची बेल वाजली तर छातीत धस्स झालं नाही, त्याची किंमत कुठल्या भावाने करायची?

जानेवारी २०२२ पासून तिथला कायदा मऊ झाला आहे. खात्यात पैसे नाहीत एवढ्यावरून सहसा फौजदारी होत नाही. तरी घरमालक थेट वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकतो, तेव्हा बेफिकीर राहू नये.

पैसे पाठवताना नुसता भाव किंवा नुसती फी पाहू नका. 'हजार दिरहम दिले तर गावच्या खात्यात किती रुपये पडतील?' एवढंच दोन-तीन दुकानांत विचारा. निघण्यापूर्वी इथल्या बँकेत जाऊन यजमानांचं साधं खातं एन.आर.ओ. करून घ्या, घराचं भाडं वगैरे इथली मिळकत त्यात जमा होते आणि तिच्यावर कर असतो. तिथून येणारी कमाई एन.आर.ई. खात्यात घाला. त्याच्या व्याजावर इथे कर नाही आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. मात्र ते खातं रुपयांत असतं. परत न्यायचे झाले आणि रुपया उतरलेला असला, तर हाती कमी दिरहम येतील, हे ध्यानात असू द्या.

माझा क्रम असा असे: आधी भाडं, मग तीन महिन्यांचा खर्च दिरहममध्येच, मग गावची रक्कम. सोन्याच्या बाजाराचं नाव सगळ्यांत शेवटी. आणि चेकच्या चारही तारखा कालनिर्णयावर लाल शाईने लिहिलेल्या. सही यजमानांची असली तरी तारखा बाईला पाठ हव्यात.